एका गाण्याचे किती मानकरी?

४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा झाला. ‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या ‘दिस मोमेंट’ या अल्बमला सर्वोत्कृष्ट जागतिक संगीत अल्बमचा मान मिळाला आणि तो घ्यायला मंचावर गेलेल्यांत वाशीचे शंकर महादेवन होते. वाशी ज्या नवी मुंबईत आहे ती वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, म्हणजे हे शहर वयानं शंकर महादेवन यांच्याहूनही लहान. या मातीची जुनी गाणी आगरी-कोळ्यांची: हळदीची, धवल्यांची, होडीची. चित्रपटसंगीत मात्र खाडीपलीकडे अंधेरी, ताडदेव, दादरच्या स्टुडिओंत घडायचं. त्यामुळे वाशीच्या माणसाला ग्रॅमी मिळालं याचं इथे अप्रूप वाटलं, आणि ते रास्तही होतं.

पण ग्रॅमी मिळालं ते कशासाठी, हे किती जणांनी पाहिलं? शंकर महादेवन देशभर चित्रपट संगीतकार म्हणून ओळखले जातात. ‘दिस मोमेंट’ हा चित्रपटाचा अल्बम नाही. त्यात एकाही नायक-नायिकेसाठी गाणं नाही. तिथे ते ‘शक्ती’ या पाच जणांच्या संचातला आवाज आहेत. त्यांच्या नावावरचे बाकीचे सन्मान पाहिले तर हेच कोडं पुन्हा समोर येतं. चार राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, त्यातला संगीतकार म्हणून एकच आणि तोही तिघांत मिळून, उरलेले तीन गायक म्हणून. साथीदार एहसान-लॉय यांच्यासह फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट संगीतकाराचे दोन. २०१९ मध्ये पद्मश्री. ही यादी सरळ वाचत गेलं तर माणूस मोठा आहे एवढंच कळतं. प्रत्येक पुरस्कारापुढे ‘कोणत्या कामासाठी?’ आणि ‘निवडलं कुणी?’ हे दोन प्रश्न ठेवले तर चित्रपटातलं गाणं कसं बनतं, त्याचं श्रेय कसं वाटलं जातं आणि ते वाटताना काय निसटतं, हे सगळं दिसू लागतं. या प्रकरणात तेच करायचं आहे.

सुरुवात थोडी मागून केली पाहिजे, कारण चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे आणि आवाज तिसऱ्याचा, ही आज उघड वाटणारी गोष्ट पुरस्कार देणाऱ्यांना फार उशिरा सुचली. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. पहिल्याच वर्षी संगीतकाराला स्थान होतं आणि ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांना ते मिळालं. गायकाला आणि गीतकाराला मात्र जागाच नव्हती. १९५७ मध्ये शंकर-जयकिशन यांना ‘चोरी चोरी’साठी पुरस्कार जाहीर झाला. सोहळ्यात लता मंगेशकरांनी त्या चित्रपटातलं आपलं गाणं गावं, अशी विनंती झाली आणि लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार चालीला आहे, तर चालच वाजवा. गाणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला तुमच्याकडे स्थान नसेल तर मी का गाऊ, असा त्यांचा रोखठोक मुद्दा होता. त्या वेळी हे बोलणं सोपं नव्हतं. ज्या संगीतकारांकडे रोज गायचं, त्यांच्याच सत्काराला नाही म्हणायचं होतं. १९५९ मध्ये फिल्मफेअरनं पार्श्वगायन आणि गीतलेखन असे दोन नवे पुरस्कार सुरू केले. गायनाचा पहिला लताबाईंना ‘मधुमती’साठी, गीताचा पहिला शैलेंद्र यांना ‘यहुदी’साठी. स्त्री आणि पुरुष गायकांचे वेगळे पुरस्कार व्हायला आणखी काही वर्षं गेली.

लताबाईंची दुसरी गोष्ट याच्या उलट टोकाची आहे. भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांना ‘आनंदघन’ नावाचा एक संगीतकार चाली देत होता: ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. ‘साधी माणसं’ला राज्य चित्रपट पुरस्कारांत संगीताचा मान मिळाला. नाव पुकारलं गेलं, पण कुणी उठेना. शेवटी सूत्रसंचालकांनीच सांगितलं की आनंदघन म्हणजे इथेच बसलेल्या लता मंगेशकर. गायिका म्हणून हक्कानं जागा मागणाऱ्या बाईंनी संगीतकार म्हणून स्वतःचं नावही पुढे केलं नव्हतं. या दोन प्रसंगांतला फरक मला फार बोलका वाटतो. एकात त्या स्वतःपुरतं मागत नव्हत्या, सगळ्या गाणाऱ्या-लिहिणाऱ्यांसाठी भांडत होत्या. दुसऱ्यात प्रश्न फक्त त्यांचा होता, आणि तिथे त्यांना घाई नव्हती.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचाही प्रवास असाच. १९५४ मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं, हे मराठी माणसाला तोंडपाठ असतं. पण तेव्हा पदक चित्रपटाला होतं, माणसांना नाही. अभिनय, गायन, संगीत यांसाठी व्यक्तींना पुरस्कार सुरू झाले ते १९६७ च्या चित्रपटांपासून. त्या वर्षीचे संगीतकार होते के. व्ही. महादेवन, तमिळ ‘कंदन करुणै’साठी. गायक होते महेंद्र कपूर, ‘उपकार’साठी, पुढे दादा कोंडक्यांच्या गाण्यांमुळे मराठी घराघरांत पोचलेले तेच महेंद्र कपूर. गीतकाराला मान मिळायला आणखी एक वर्ष थांबावं लागलं. म्हणजे आज आपण ‘संगीत, गीत, गायन’ असे जे तीन कप्पे गृहीत धरतो, ते कुणी तरी मागितले म्हणून आणि एकेक करून तयार झाले आहेत.

आता वाशीकडे वळू.

शंकर महादेवन यांचा जन्म ३ मार्च १९६७ चा, बालपण चेंबूरचं. घरचे तमिळभाषक, मूळ केरळातल्या पालक्काडकडचे. पाचव्या वर्षापासून हातात वीणा, मग कर्नाटक संगीताची तालीम. इथवर चेंबूर-माटुंग्यातल्या कितीतरी मुलांची हीच कथा असते. वेगळेपण पुढे आहे: हा मुलगा श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकायला लागला. भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांना एकत्र आणणारा खळ्यांचा ‘राम श्याम गुणगान’ हा भजनांचा संच आजही ऐकला जातो. शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे. त्यात वाजलेली वीणा शंकर महादेवन यांची आहे. ज्या वयात मुलं अभ्यासाच्या वह्या लपवून गाणी ऐकतात, त्या वयात हा मुलगा त्या दोन आवाजांच्या शेजारी बसून वाजवत होता.

खळ्यांकडून काय मिळालं, याबद्दल शंकर महादेवन जाहीरपणे आणि कृतज्ञतेनं बोलत आले आहेत. खळ्यांची चाल ऐकताना सोपी वाटते आणि गायला घेतली की तिचे वळसे कळतात. शब्दाचा अर्थ जिथे वळतो तिथेच सूर वळतो. समेची जागा अशी येते की ती आधीपासून शब्दांत होती असं वाटावं. ‘तारे जमीं पर’ या हिंदी चित्रपटातलं ‘माँ’ हे गाणं या कानानं ऐकून पाहा. सूर फार थोडे, हरकती जवळजवळ नाहीत, आणि तरीही दुसऱ्या गायकाला ते पेलणं अवघड. खळ्यांच्या तालमीत वाढलेला माणूसच एवढं कमी गाऊ शकतो, असं माझं मत आहे.

मधल्या काळात अभियांत्रिकी झाली. महाराष्ट्रात १९८३ मध्ये विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच सुमारास नवी मुंबईत रामराव आदिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. शंकर महादेवन तिथून १९८८ मध्ये संगणक विषयातले पदवीधर झाले. काही काळ सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली आणि मग ती सोडून जाहिरातींच्या जिंगल्सकडे वळले. तीस सेकंदांत साबण, चहा किंवा स्कूटर लक्षात राहील अशी ओळ बांधायची, हे काम वरवर किरकोळ वाटेल. पण गिटारवाले एहसान नूरानी आणि कीबोर्डवाले लॉय मेंडोन्सा हे पुढचे दोन साथीदारही याच जाहिरातींच्या दुनियेत काम करत होते. मुकुल आनंद यांच्या ‘दस’साठी तिघं एकत्र आले. १९९७ मध्ये मुकुल आनंद गेले, चित्रपट अर्धवट राहिला. गाणी मात्र पुढे बाजारात आली आणि गाजली. १९९८ मध्ये जावेद अख्तर यांच्या शब्दांवरचा ‘ब्रेथलेस’ आला. तीन मिनिटं एका श्वासात कुणालाच गाता येत नाही. गंमत होती ती न थांबणाऱ्या रचनेची, एका वाक्याच्या शेपटात दुसरं वाक्य गुंफण्याची. शंकर महादेवन हे नाव त्या एका गाण्यानं घरोघर गेलं.

‘ब्रेथलेस’ला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळणं शक्यच नव्हतं, कारण तो चित्रपटातला नव्हता. ही पहिली मर्यादा, आणि मराठी संगीताला ती सर्वांत जास्त बोचलेली आहे. आपल्याकडचं उत्तम सुगम संगीत भावगीत, अभंग, नाट्यपद या रूपांत घडलं. खळ्यांनी चित्रपट मोजकेच केले. लताबाईंच्या आवाजातले तुकोबांचे अभंग, भीमसेनांची अभंगवाणी, असंख्य भावगीतं हे त्यांचं खरं काम. ते कोणत्याही चित्रपट पुरस्काराच्या कक्षेत येत नाही. देशानं त्यांना पद्मभूषण दिलं ते २०१० मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी, २ सप्टेंबर २०११ ला ते गेले. एवढ्या मोठ्या कामाची दखल घ्यायला एवढा वेळ लागला, याची रुखरुख मराठी रसिकाला वाटलीच पाहिजे.

शंकर महादेवन यांचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार २००० सालचा, आणि तो तमिळ गाण्यासाठी. राजीव मेनन यांच्या ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ या चित्रपटातलं, ए. आर. रेहमान यांच्या चालीतलं, वैरमुत्तू यांच्या शब्दांतलं गाणं. इथे त्यांची चाल नाही, शब्दही नाहीत. फक्त आवाज.

दुसरा २००३ चा, ‘कल हो ना हो’साठी, आणि तो गायनाचा नाही. शंकर-एहसान-लॉय या तिघांना मिळून सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा. त्याच चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी गायनाचा पुरस्कार सोनू निगम यांना गेला. चाल तिघांची, आवाज चौथ्याचा, आणि मंडळानं दोन्ही बाजूंची स्वतंत्र दखल घेतली. लताबाईंनी १९५७ मध्ये जे मागितलं होतं ते इथे पूर्ण झालेलं दिसतं. मराठी वाचकाला हे वर्ष आणखी एका कारणानं आठवत असेल: त्याच ५१ व्या पुरस्कारांत ‘श्वास’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी.

‘श्वास’मुळे आणखी एक घोळ सुटतो. तो तर २००४ मध्ये प्रदर्शित झाला, मग २००३ चा पुरस्कार कसा? राष्ट्रीय पुरस्कारांत वर्ष मोजलं जातं ते सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवरून. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट त्या वर्षाचा, मग तो थिएटरात केव्हाही लागो. चित्रपट निर्मात्यानं स्वतः पाठवावा लागतो. न पाठवलेला चित्रपट कितीही चांगला असला तरी विचारात येत नाही. त्यावर परीक्षक मंडळ बसतं, चित्रपट पाहतं आणि निवड करतं. ५७ व्या पुरस्कारांपासून ही निवड दोन पायऱ्यांत होते: आधी विभागीय मंडळं, मग केंद्रीय. त्याच वर्षापासून संगीताचा पुरस्कारही दुभागला, गाण्यांचा वेगळा आणि पार्श्वसंगीताचा वेगळा. पहिल्या खेपेला गाण्यांसाठी ‘देव डी’चे अमित त्रिवेदी आणि पार्श्वसंगीतासाठी इळैयाराजा. हा बदल फार आवश्यक होता. दहा गाणी बांधणं आणि दोन तासांच्या कथेला श्वासागणिक साथ देणं ही दोन निराळी कसबं आहेत. फिल्मफेअरची तऱ्हा वेगळी, ते एका नियतकालिकाचे पुरस्कार. तिथे लोकप्रियतेचं पारडं जड असतं. शंकर-एहसान-लॉय यांना तिथे ‘कल हो ना हो’ आणि ‘बंटी और बबली’साठी बाहुली मिळाली. ज्या ‘दिल चाहता है’नं २००१ मध्ये हिंदी गाण्याचा आवाजच बदलला, त्यासाठी नाही. त्या वर्षी समोर ‘लगान’ होता आणि संगीताचे दोन्हीकडचे पुरस्कार रेहमान यांना गेले. तरीही राष्ट्रीय यादीत ‘दिल चाहता है’चं एक गाणं आलंच: उदित नारायण यांना गायनाचा पुरस्कार मिळाला तो ‘लगान’ आणि ‘दिल चाहता है’ अशा दोन चित्रपटांतल्या गाण्यांसाठी. चालीचा मान आवाजाच्या वाटेनं आला.

पुढचे दोन पुरस्कार मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतात. २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’मधल्या ‘माँ’साठी शंकर महादेवन यांना गायनाचा आणि त्याच गाण्यासाठी प्रसून जोशी यांना गीतलेखनाचा. २०१२ मध्ये ‘चितगाँव’मधल्या ‘बोलो ना’साठी पुन्हा हीच जोडी, एकाला गायनाचा आणि दुसऱ्याला गीताचा. दोन्ही गाण्यांची चाल शंकर-एहसान-लॉय यांची. शब्दाला मान, आवाजाला मान आणि मधला सूर, जो या दोघांना धरून ठेवतो, तो यादीत नाही! यात परीक्षकांचा दोष नाही. संगीताचा पुरस्कार सगळ्या चित्रपटाच्या संगीताला असतो, गीताचा आणि गायनाचा मात्र एखाद्या गाण्याला. २००७ मध्ये संगीताचा मान मल्याळम ‘ओरे कडल’च्या औसेप्पच्चन यांना मिळाला. २०१२ मध्ये तो कुणाला मिळाला, हे मराठी माणसानं लक्षात ठेवायला हवं: शैलेंद्र बर्वे यांना, ‘संहिता’ या मराठी चित्रपटासाठी. त्याच चित्रपटासाठी आरती अंकलीकर-टिकेकर गायिका ठरल्या. म्हणजे त्या वर्षी दिल्लीला गेलेल्या गाण्याच्या मानकऱ्यांत वाशीचा आवाज होता आणि मराठी चालही.

मराठी संगीतकारांनी हा पुरस्कार याआधीही आणला होता. १९९० मध्ये हृदयनाथ मंगेशकर यांना गुलजारांच्या ‘लेकिन’साठी, त्या चित्रपटाच्या गीतासाठी गुलजार आणि गायनासाठी लताबाई, असे तिन्ही कप्पे एकाच चित्रपटानं भरले. २००६ मध्ये अशोक पत्की यांना, तेही मराठी नव्हे तर ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटासाठी. पत्कींच्या असंख्य जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं आणि भावगीतं महाराष्ट्राच्या कानात आहेत. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो गोव्याच्या भाषेतल्या कामाला. २००८ मध्ये अजय-अतुल यांना ‘जोगवा’साठी. त्यातल्या ‘जीव रंगला’ या एका गाण्यानं हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही गायनाचा मान मिळवून दिला. पुण्याच्या दोन भावांनी बांधलेलं मराठी गाणं, गाणारा तमिळ घरातला आणि गाणारी बंगाली घरातली. याच अजय-अतुलनी शंकर महादेवन यांच्याकडून ‘अगं बाई अरेच्चा!’साठी मराठी गाणं गाऊन घेतलं होतं आणि ते उच्चार ऐकताना गाणारा मराठी घरातला नाही, हे ओळखू येत नाही. खळ्यांच्या शाळेचा तो गुण.

पैशाचंही एक वास्तव सांगायला हवं, कारण पुरस्कारानं घर चालत नाही. हिंदी चित्रपटसृष्टीत गाण्याचे सगळे हक्क निर्मात्याकडे किंवा कंपनीकडे जायचे. गाणं वर्षानुवर्षं वाजत राहिलं तरी लिहिणाऱ्याच्या आणि चाल बांधणाऱ्याच्या हाती फारसं काही येत नसे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर हा प्रश्न लावून धरला. २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांना सोडून देता येणार नाही, असं कायद्यानं ठरलं. जुन्या पिढीतले कितीतरी मराठी संगीतकार भिंतीवर मानचिन्हं लावून हलाखीत गेले. त्यांच्या काळात हा कायदा हवा होता.

पद्मश्रीचं स्वरूप पुन्हा निराळं. तिथे एखादं गाणं किंवा चित्रपट नसतो, आयुष्यभराचं काम असतं. नावं नागरिक सुचवू शकतात, समिती छाननी करते आणि प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी यादी जाहीर होते. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकांवर आणि फलकांवर नावाआधी ‘पद्मश्री’ लावण्याची पद्धत रूढ आहे. सर्वोच्च न्यायालयानं बालाजी राघवन खटल्यात १९९५ मध्येच स्पष्ट केलं की हे सन्मान आहेत, पदव्या नव्हेत, आणि ते नावाच्या मागेपुढे लावता येत नाहीत. संयोजकांनी हे मनावर घेतलं तर कलाकाराचा मान काही कमी होणार नाही.

ग्रॅमी देते रेकॉर्डिंग अकॅडमी आणि मतं देतात संगीताच्या व्यवसायातलेच सभासद: गायक, वादक, ध्वनिमुद्रक, निर्माते. ‘शक्ती’ची सुरुवात १९७३ ची. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, माहीमचा तबलजी झाकिर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम. १९७७ नंतर स्टुडिओ अल्बम थांबले. पुढे संच नव्या रूपात उभा राहिला आणि २००० च्या सुमाराला शंकर महादेवन त्यात आले. त्याआधी ‘शक्ती’ मुख्यतः वाद्यांची होती. आता तिला गळा मिळाला. २०२३ मध्ये आलेला ‘दिस मोमेंट’ हा पंचेचाळीस वर्षांनंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. करोनाच्या काळात वेगवेगळ्या देशांत बसून, एकमेकांना ध्वनिमुद्रणं पाठवत तो बराचसा घडला. ग्रॅमीच्या मंचावर शंकर महादेवन यांनी पुरस्कार पत्नी संगीता यांना अर्पण केला. झाकिरभाईंना त्याच दिवशी तीन ग्रॅमी मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले, आणि ‘दिस मोमेंट’ हा या संचाचा ग्रॅमी मिळालेला एकमेव अल्बम ठरला.

शहरानंही आपल्या परीनं मान दिला. नवी मुंबई महापालिकेनं शंकर महादेवन यांना स्वच्छता मोहिमेचे सदिच्छादूत केलं. या मानाला पदक नाही, उलट काम आहे: गाणं करायचं, कार्यक्रमांना जायचं, लोकांना कचरा वेगळा करायला सांगायचं. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात शहर देशात तिसरं आलं. त्यात खरा वाटा अर्थातच पहाटे रस्ते झाडणाऱ्यांचा.

राहता राहिला २०१५ चा ‘कट्यार काळजात घुसली’. दारव्हेकर मास्तरांचं मूळ नाटक १९६७ चं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. नाट्यपदांना कुठला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार? ती पदं जवळजवळ पन्नास वर्षं रसिकांच्या स्मरणावर जगली. सुबोध भावे यांनी चित्रपट केला तेव्हा पंडित भानुशंकरांची भूमिका शंकर महादेवन यांच्याकडे आली. अभिषेकींची पदं ठेवून त्यांच्या शेजारी नवी गाणी बांधण्याची जबाबदारीही शंकर-एहसान-लॉय यांनी घेतली. हे धाडस होतं. अभिषेकींच्या शेजारी बसवलेली चाल उणी पडली असती तर मराठी श्रोत्यानं ती एका आठवड्यात बाजूला सारली असती. ‘सूर निरागस हो’ आज गणेशोत्सवात मंडपामंडपांत गायलं जातं, यावरून काय झालं ते कळतं. ६३ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीताचा मान या चित्रपटाला मिळाला नाही. गायनाचा मिळाला: ‘अरुणी किरणी’ या नव्या गाण्यासाठी महेश काळे यांना. महेश काळे अभिषेकींचे शिष्य. ३ मे २०१६ रोजी दिल्लीत राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्यांनी तो घेतला, तेव्हा पुरस्कारपत्रावर नाव एकाचंच होतं. गाण्यात गळा अभिषेकींच्या शिष्याचा होता आणि चाल बांधणाऱ्या तिघांत एक जण श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला.